बुरशीवर उतारा बुरशीचाच

ॲस्परजिलस फ्लेव्हस या पोपटी-हिरव्या बुरशीचं नाव निघालं की अफ्लाटॉक्सिन ओघानं येतंच. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते भुईमुगाच्या पेंडीतल्या याच विषानं. १९७४ साली गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात शंभरावर माणसं दगावली, ती अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन. तरीही विष हा या बुरशीचा स्वभावधर्म आहे, असं मी मानत नाही. जपानात मिसो आणि सोया सॉस ज्या ॲस्परजिलस ओरायझीवर मुरतात, ती याच फ्लेव्हसची माणसाळलेली बहीण. विषाची जनुकं तिच्यात आहेत, पण मोडकळीला आलेली. त्यावाचून तिचं काही अडत नाही. रानातल्या मातीतही विषारी स्ट्रेनच्या शेजारी निर्विष स्ट्रेन सुखानं नांदतात. तेव्हा बुरशीचा नायनाट करण्यापेक्षा (तो होणारही नाही) विषारीच्या जागी निर्विष बसवणं शहाणपणाचं.

ही अदलाबदल गोदामात नव्हे, उभ्या पिकात करावी लागते. भुईमुगाच्या शेंगा भरताना पाऊस ओढ देतो, माती तापते, दाण्यातलं पाणी उतरतं आणि बुरशीला रोखणारी संयुगं बनवण्याची त्याची ताकद संपते. नेमकी तेव्हाच बुरशी टरफलातून आत शिरते. पुढे दाणे निवडले तरी वरून निरोगी दिसणारा दाणा विषारी निघू शकतो, आणि भाजल्यानं विष पुरतं जात नाही. म्हणून निर्जंतुक केलेल्या ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर निर्विष स्ट्रेन चढवून ते आधीच शेतात फेकतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसं ती आधी येऊन बसते. अमेरिकेत भुईमुगासाठी वापरात असलेल्या एका स्ट्रेनमध्ये तर विषाच्या जनुकांचा सगळा गठ्ठाच गायब आहे. नायजेरियात तयार झालेलं अफ्लासेफ हे असंच उत्पादन तिथल्याच मातीतल्या स्ट्रेनवर उभं आहे.

शेतात मुद्दाम बुरशी टाकायची, या कल्पनेनंच अनेकजण दचकतात. पण आधीची बुरशी हटून नवी येते, पिकावरची एकूण बुरशी फारशी वाढत नाही. अधिक वजनदार आक्षेप २००९ सालचा: फ्लेव्हसमध्ये लैंगिक प्रजननही होतं, हे तेव्हा समोर आलं. मग निर्विषाची संतती विषारी निघाली तर? निघू शकते, पण त्यासाठी लागणारा विषारी जोडीदार शेतात आधीपासूनच असतो, म्हणजे नवं विष बाहेरून येत नाही. मला जास्त खुपतं ते वेगळंच. अफ्लाटॉक्सिन न करणाऱ्या काही स्ट्रेन सायक्लोपियाझोनिक आम्ल हे दुसरं विष करतात, त्यामुळे निवडताना दोन्ही विषं तपासलीच पाहिजेत. शेंगा नीट वाळवण्याची कटकटही सुटत नाही. दाण्यातला ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवाच. मात्र पोत्यात ओल राहिलीच, तर शेंगांबरोबर शेतातून आलेली निर्विष स्ट्रेन तिथंही विषारीला जागा मिळू देत नाही.