संत्र्यांच्या गावी काळी शाई

अमरावतीहून एस.टी. मोर्शीच्या वाटेला लागली की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते आणि रस्त्याच्या कडेने संत्र्यांच्या बागा सुरू होतात. दमयंती नदीकाठचे हे गाव. जवळच सिंभोऱ्याला वर्धा नदी अडवली आहे; त्या जलाशयाचे नाव नळ-दमयंती सागर. रानात ताटातूट झालेल्या जोडप्याला पाटबंधारेवाल्यांनी कायमचे एकत्र नांदवले म्हणायचे! त्या सागराचे पाणी अमरावती शहर पिते. मोर्शीच्या बागांना मात्र विहिरीचा आणि बोअरचा आधार, आणि उपसा इतका झाला की सरकारी दप्तरात तालुक्याच्या नावापुढे ‘अतिशोषित’ असा शेरा पडला.

गेल्या कार्तिकात मी तेथे मावसबहिणीकडे उतरलो होतो. बैठकीत दत्ताच्या तसबिरीशेजारी एक चित्र टांगलेले. भाच्याने मुंबईहून आणलेली वासुदेव गायतोंडे यांच्या एका शाईचित्राची छापील प्रत. कोरा कागद, आणि त्यावर कुठल्याशा न वाचता येणाऱ्या लिपीसारखे काळे फटकारे. बस्स.

गायतोंड्यांचा जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. म्हणजे वैदर्भीयांनी हक्क सांगायला हरकत नाही. १९८४ साली त्यांना अपघात झाला, मोठे कॅनव्हास हाताळणे काही वर्षे जमेना, तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करू लागले. पुढे २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. वस्तूशी संबंधच नाही, असे ते म्हणत.

पण मोर्शीच्या माणसाला असे सांगून भागते थोडेच! ताईच्या सासूबाईंनी चष्मा पुसून निकाल दिला, “ही मोडी व्हय. मामंजींच्या खरेदीखतात अशीच होती.” शेजारचे संत्र्यांचे व्यापारी म्हणाले, “उडते बगळे.” स्वित्झर्लंडच्या रोर्शाक डॉक्टरांनी १९२१ साली शाईच्या डागांची दहा पत्रे काढून माणसांची मने तपासायची युक्ती शोधली. त्यांना या बैठकीत काम मिळाले असते.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मले तं कोळशी दिसते, भाऊ.”

कोळशी म्हणजे संत्र्याचा जुना वैरी. काळी माशी पानातला रस शोषते, चिकट पाणी सोडते, आणि त्यावर काजळीसारखी बुरशी चढते. हिरवे पान पाहता पाहता कोळशासारखे होते. भाऊजींनी तीस वर्षे ती पाहिलेली. काळ्या फटकाऱ्यात त्यांना दुसरे काय दिसणार, असे मला वाटले.

“मग चित्र पाहून मन उदास होत असेल?” मी विचारले.

“नाई बा. थे काळं सोडा. हे कोरं पाहा. झाड ताणावर हाय.”

आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचे पाणी तोडतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाड तहानलेले ठेवायचे. पाने मलूल होतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटावे, बाग गेली. मग पाणी सोडले की फांदीफांदीला फूल फुटते आणि शिवारभर वास दरवळतो. ताण नीट बसला नाही तर नुसती पालवी येते. समीक्षकांनी गायतोंड्यांच्या कोऱ्या जागेवर पुष्कळ लिहिले आहे, ध्यान, मौन, झेन वगैरे. पण हा अर्थ मला अधिक पटला, कारण त्यात धोका आहे.

तो धोका संध्याकाळी बागेत दिसला. तीन वर्षांपूर्वी ताण दिला, आणि पाणी सोडायच्या वेळी विहीर आटली. टँकर परवडेना. दीडशे झाडे तोडावी लागली. त्या जागी आता तूर उभी होती. पलीकडे उरलेली ऐंशी झाडे फळांनी वाकलेली. एका पानावर बोट फिरवून भाऊजींनी काळे पुसले.

“औंदा ताण देणार?” मी विचारले.

त्यांनी विहिरीत खडा टाकला आणि कान दिला.

“बारा हात असंन,” ते म्हणाले. “पाहू डिसेंबरात.”