जामीन झाला, माणूस आतच

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करणाऱ्याला एक प्रश्न सगळीकडे गाठतो. लग्नात, मशिदीबाहेर, एस.टी.त. "चोराची बाजू घेताना तुम्हाला काही वाटत नाही का?" सुरुवातीला अम्मीही हेच विचारायची. मी सांगायचो, "अम्मी, तो चोर आहे की नाही हे ठरवायलाच कोर्ट आहे." उत्तर बरोबरच होतं. पण माझं स्वतःचं कुठं चुकतं, हे मला एका ऊसतोड मजुराच्या बायकोनं दाखवलं.

पाचसहा वर्षांपूर्वीची गोष्ट. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप तिच्या नवऱ्यावर होता. मी अर्ज केला, युक्तिवाद केला, जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. "सुटला गं तुझा नवरा," असं तिला सांगून मी पुढच्या पुकाऱ्याला पळालो.

तीन आठवड्यांनी ती कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभी. कडेवर पोर. "सायेब, तुमी सुटला म्हणला व्हता. मग त्यो आजून आत कसा?"

जामीनदार मिळालाच नव्हता. जामीनदाराला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. तिची माणसं बीडकडची, सातबारा कुणाच्याच नावावर नाही. मुकादम टोळी घेऊन पुढच्या फडावर गेलेला. आणि मोटरचोरीचा आरोप असलेल्या परक्या माणसाला गावातला कोणता शेतकरी जामीन राहणार? हे सगळं मला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं. मी विचारलं नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्यांनी त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती अट काढून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. कायद्याच्या पुस्तकात हा निकाल मी वाचला होता. त्या दिवशी लिंबाखाली तो मला पहिल्यांदा कळला.

त्याच दुपारी अट शिथिल करण्याचा अर्ज लिहिला. मोतीरामचा दाखला जोडला. न्यायाधीशांनी तीन हजार रोख भरून घेऊन सोडण्याचा हुकूम केला. पैसे टोळीतल्या बायकांनी गोळा केले, दहा-वीसच्या नोटांत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाहेर आला.

पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याबाबत निर्देश दिले. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेलनं जावी. महिन्याभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही, तर अटी बदलायच्या का, याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरला जातो, हेही सुटकेला उशीर होण्याचं एक कारण असल्याचं त्यात नमूद आहे. तरीही कुणीतरी अर्ज घेऊन उभं राहावंच लागतं.

त्यानं मोटर चोरली होती का? मला आजही ठाऊक नाही. पण जामीन मंजूर झाल्यानंतर तो जे तीन आठवडे आत राहिला, ते चोरीमुळे नव्हे, गरिबीमुळे. आणि थोडे माझ्यामुळे.

आता वकीलपत्रावर अंगठा घेण्याआधीच मी विचारतो, "जामीन कोण राहील?" अम्मी आता तो जुना प्रश्न विचारत नाही. संध्याकाळी घरी आलो की एवढंच विचारते, "घरी पोचला का तो?"