गच्चीवर मेथी येते, जांभूळ येत नाही

फाल्गुन सरताना बदलापुरात झाडांखाली पाचोळ्याचे ढीग साचतात आणि बरेचसे पेटवून दिले जातात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी बागकामाचा वर्ग भरतो. आम्ही तोच पाचोळा गोण्यांत भरून वर नेतो. शेण-गुळाच्या पाण्यात भिजवायचा, त्यावर भाजीची देठं, मूठभर जुनी माती. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या वळणाची ही पद्धत. माती विकत आणायची नाही, तयार करायची.

लोकलमध्ये निम्मा जीव संपवणाऱ्या आम्हा भाडेकरूंना हे भावतं. जमीन नसली तरी माती आपली. घर बदललं की कुंड्याही टेम्पोत चढतात.

पण जांभूळ कुंडीत मावत नाही. बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन मिळालंय. चैत्राच्या सुमारास ते फुलतं, पावसाच्या तोंडावर पिकतं. त्याला खोल जमीन आणि कित्येक वर्षं लागतात, आणि इथे मोकळी जागा दिसली की टॉवरचा बोर्ड लागतो.

म्हणून यंदा मी वर्गात सुचवलं: कुंड्यांना पाणी घालून झालं की खाली उतरूया. आसपासची जांभळं मोजूया, नकाशावर टाकूया. उद्या कुणी करवत घेऊन आलं, तर झाडाची नोंद तरी आपल्या हातात असेल.