लागली तर

ऑस्ट्रेलियाला भारतातून वर्षाला एक हजार तरुण हवेत, इंग्लंडला तीन हजार. दोन्हीकडे सोडत. वय अठरा ते तीस. तिकडे जा, राहा, फिरा आणि खर्चापुरतं काम करा, असा सौदा आहे. गोव्यात आमच्या वाळपईच्या बसस्टँडवर दोन मुलं हे आकडे तोंडपाठ बोलत होती. मला आधी वाटलं, पोलीस भरती निघाली असेल.

*

ऑस्ट्रेलियाचं दार उघडलं ते व्यापार करारातून. करार झाला २ एप्रिल २०२२ ला, तरुणांची सोडत सुरू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास नावं पडली. म्हणजे चाळिसांत एक. इंग्लंडची योजना त्याआधीची, फेब्रुवारी २०२३ पासूनची. तिची सोडत साधारण फेब्रुवारीत आणि जुलैत, तीही दोनच दिवस उघडी. त्या दोन दिवसांत वाळपईत वीज राहिली पाहिजे, ही आमची जादा अट.

*

भाचा विचारतो, 'मामा, ऑस्ट्रेलिया की इंग्लंड?' जसं काही दोन्ही देश ताटात वाढून ठेवलेत.

खरं तर त्याचं उत्तर कागदानेच देऊन टाकलंय. इंग्लंडला पदवी लागते. हा साखळीच्या सरकारी कॉलेजात बी.एस्सी.ची दोन वर्षं पुरी करून बाहेर पडला आणि होंड्याच्या वसाहतीत कारखान्यात लागला. ऑस्ट्रेलियाला शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षं पुरतात. सोबत कामचलाऊ इंग्रजीचा दाखला. आयेल्ट्समध्ये सरासरी ४.५ आले तरी चालतं. शेजारची मुलगी बी.कॉम. झालेली. तिला दोन्हीकडे अर्ज करता येतो, म्हणजे निवड करायचीय ती तिला. गंमत अशी की चर्चा सगळी हा करतो. ती ऐकून घेते आणि मोबाईलवर हिशेब मांडत बसते.

*

आमच्या सत्तरी तालुक्याचा आणि परदेशी पाठवणीचा संबंध जुना आहे. १८९५ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम काढला. शिपाई बिघडले. पणजी सोडून त्यांनी सत्तरीत येऊन नाणूसचा किल्ला धरला. पुढे दादा राणे त्या बंडाचे पुढारी झाले. बंड मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ फौज घेऊन आला. शेवटी दादा राण्यांना हद्दपार करून तिमोरला धाडलं.

नकाशा काढून बघितला. तिमोरहून समुद्र ओलांडला की समोर डार्विन, सातशे-साडेसातशे किलोमीटरवर. ज्या दिशेला तेव्हा शिक्षा म्हणून पाठवत, तिकडे जायला आता पंचवीस डॉलर भरून सोडतीत नाव घालावं लागतं. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, 'पंचवीस ऑस्ट्रेलियन डॉलर, मामा. अमेरिकन नव्हे.'

*

पैसे. इथे जरा थांबावं लागेल.

इंग्लंडच्या सोडतीला फी नाही. नाव निघालं की मग खिसा उलटा करतात. २०२५ च्या दराने व्हिसाचे ३१९ पौंड, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांच्या नावाने वर्षाला ७७६ पौंड. मुक्काम दोन वर्षांचा, म्हणून ते १,५५२ आधीच भरायचे. पुढे एकदाही शिंक आली नाही तरी. एकूण १,८७१ पौंड, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. विमान वेगळं. शिवाय स्वतःच्या खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस पडून असले पाहिजेत. मामाकडून सकाळी उसने घेऊन संध्याकाळी परत, असं चालत नाही. मलाच बरं.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा साडेसहाशे डॉलरांच्या वर, आपले चाळीस हजारांच्या आसपास. खात्यात ५,००० डॉलर दाखवायचे. इंग्लंडचे २,५३० पौंड काय आणि हे काय, दोन्ही तीन लाखांच्या घरात जातात. दवाखान्याची रक्कम आधी भरायची नाही. पण भारताचा त्यांच्याशी औषधोपचाराचा परस्पर करार नाही, तेव्हा विमा आपणच काढायचा. आंबे काढताना शिडीवरून पडलेल्या माणसाला तिथलं बिल विम्याशिवाय झेपायचं नाही.

कराचं गणित उलटं बसतं. इंग्लंडमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत प्राप्तिकर नाही. ऑस्ट्रेलियात ह्या व्हिसावरच्या माणसाला पहिल्या डॉलरपासून १५ टक्के, पंचेचाळीस हजार डॉलरपर्यंत. मालक पेन्शनखात्यात टाकतो ते पैसे देश सोडताना काढता येतात, पण त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. हे वाचून भाचा थोडा वेळ गप्प होता. मी त्याला चहा दिला.

*

मजुरीकडे बघितलं की मात्र डोळे फिरतात. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. हंगामी माणसाला रजा नाही म्हणून पाव हिस्सा वर, म्हणजे ३१ डॉलरांहून थोडं जास्त. अठराशे रुपये तास धरा. गोवा सरकारने २०२३ मध्ये काजूबियांना किलोला १५० रुपये आधारभूत दर दिला. म्हणजे तिकडचा एक तास म्हणजे इकडच्या बारा किलो बिया.

बारा किलो बिया म्हणजे काय ते बागायतीत वाकलेल्यालाच कळतं. बोंडू खाली पडायचा, पानांतून तो हुडकायचा, बी पिळून वेगळी करायची, बोंडू रस काढायला न्यायचा. फेब्रुवारी ते मे. आमच्या बागायतीत आता हे काम घाटावरून आलेली माणसं करतात. भाचा लहानपणी करायचा. मिसरूड फुटल्यावर सोडलं.

आणि हाच माणूस ऑस्ट्रेलियातल्या कॅथरिन गावी जाऊन आंबे काढणार! तिकडचा आंब्यांचा हंगाम आपल्या भाद्रपद-आश्विनात सुरू होतो. त्यांचा लाडका आंबा केन्सिंग्टन प्राईड. घोड्यांच्या व्यापारात भारताकडून परतणाऱ्या गलबतांवरून त्याची कोय क्वीन्सलंडात पोचली, असं सांगतात. मानकुरादासमोर तो टिकेल असं मला वाटत नाही, पण मी तो खाल्लेला नाही, तेव्हा हा निव्वळ गोवेकराचा अहंकार समजा.

मी विचारलं, 'इथे बोंडू उचलायला लाज वाटते, तिथे नाही वाटणार?'

'तिथे बघणारं कोण आहे?'

ह्या उत्तरात बरंच काही आहे. दोन देशांतला फरक त्याने एका वाक्यात सांगितला असं मला तेव्हा वाटलं. आपल्या माणसांच्या नजरेबाहेर अंगमेहनत करायची मोकळीक, हे ऑस्ट्रेलियाचं खरं आकर्षण. बाकी समुद्रकिनारे आपल्याकडेही आहेत.

*

ऑस्ट्रेलियात फळं उक्ती काढायला देऊन मालक पोरांना नागवत, अशी जुनी ओरड होती. एप्रिल २०२२ पासून तिथल्या वेतन आयोगाने उक्त्या कामालाही ताशी किमान रकमेची हमी दिली. हे मी भाच्याला वहीत लिहून घ्यायला लावलं. कायदा माहीत असलेला मजूर जरा कमी फसतो. एकाच मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, हेही.

*

एका एजंटाने पणजीत सांगितलं की सोडतीत नाव 'काढून देतो'. रक्कम ऐकून मी नमस्कार केला. यंत्र जिथे आंधळेपणाने नावं उचलतं तिथे हा माणूस डोळे कुठून आणणार?

*

आमच्या घरात तिसरा देशही अधूनमधून निघतो. भाच्याचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगालच्या कायद्याने नातवंडांपर्यंत नागरिकत्वाचा रस्ता आहे. बार्देश-साष्टीतले हजारो ह्या वाटेने गेले. स्विंडनमध्ये गोंयकारांची वस्ती झाली ती ह्याच पासपोर्टावर, ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर. ब्रेक्झिटनंतर नव्याने जाणाऱ्याला ती सोय उरली नाही. सत्तरीतून गेले ते थोडे. नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला, हा डोंगराळ कोपरा, जन्माची नोंद सापडली तर नशीब.

आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तो पासपोर्ट घेतला की इथला गेला. वहिनीने विषय तिथेच मिटवला: 'वर्षभर जाऊन येणं वेगळं, आणि मतदारयादीतून नाव जाणं वेगळं.' तिच्या शहाणपणाला मी सहसा हरकत घेत नाही.

*

पेडण्याला गेलो होतो. हरमल, मोरजी, मांद्रे. शॅकमध्ये वाढणारा मुलगा नेपाळचा, स्वयंपाकी हिमाचलचा. ऑक्टोबरात येतात, पाऊस यायच्या आधी परततात, सुट्टीच्या दिवशी समुद्रावर फोटो काढतात. ह्यांना कुणी सोडत काढून व्हिसा दिलेला नाही, पण काम आणि हिंडणं ह्यांचं गणित त्यांनी आमच्या पोरांच्या कितीतरी आधी जमवलंय. त्यातल्या एकाला विचारलं, गोवाच का? म्हणाला, गावातला एक जण इथे होता म्हणून.

देश निवडायची ही सर्वांत जुनी पद्धत. हिला तोड नाही.

*

पावसाबद्दल. डार्विनला दोनच ऋतू, ओला आणि सुका. ओला नोव्हेंबर ते एप्रिल. गोव्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत वाळपईचं नाव दर वर्षी येतं, तेव्हा आमच्या पोराला त्याचं अप्रूप नाही. इंग्लंडच्या पावसाबद्दल मात्र शेजारच्या मुलीचं मत पक्कं आहे: 'तो पाऊस नव्हे काका, नुसती चिरचिर. त्याला छत्री धरायचीसुद्धा लाज.'

*

तिने इंग्लंड ठरवलंय. कारणं विचारली तर भावनेचा लवलेश नाही. दोन वर्षं मिळतात, एक नाही. नोकरी आधी हातात असायची गरज नाही. कार्यालयातलं काम मिळालं तर बी.कॉम. उपयोगी पडेल, नाही मिळालं तर दुकानात उभं राहायला ती तयार आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. लंडनमध्ये खोलीचं भाडं किती खाईल ते तिने आधीच वजा केलंय. बापाची मावसबहीण साउथॉलला आहे, पहिले काही दिवस तिच्याकडे. मुदत वाढवून मिळत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि तेच तिला आवडलंय. 'परत यायची तारीख लिहिलेली असली की घरचे सोडतात, काका.'

ह्यावर मला काही सुचलं नाही. आमच्या गावात मुलीला मुंबईला पाठवायलाही परतीची तारीख लागते.

दोघांत तिचा विचार पक्का आहे, हे मी भाच्यासमोरही बोललो. सोडत मात्र पक्क्या विचाराला गुण देत नाही. नाव निघालं तर साधारण ९० दिवसांत तिने अर्ज पुरा करायचा, क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यात करून. भाच्याला २८ दिवसच मिळतील. म्हणून कागद आताच गोळा करा, मग नाव निघो न निघो.

*

कागद काढायला बसलो. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीत भारतीयाला पासपोर्टाबरोबर पॅन कार्डाचा तपशील द्यावा लागतो. भाचा आडनावाने शेट्ये. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने आडनावाची सुरुवात 'एक्स'ने. त्यावरून पासपोर्टही 'एक्स'ने. पॅन काढून दिलं ते पुण्याच्या कुणा कारकुनाने, त्यावर 'एस-एच'. दोन देश ठरवायला निघालेला हा माणूस अजून स्वतःचं एक आडनाव ठरवू शकलेला नाही.

नावात बदल करायचा तर गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, ते लांबलचक काम. पॅन दुरुस्त करणं सोपं. तेव्हा 'एक्स'च ठेवायचं ठरलं. वहिनी म्हणाली, आधी त्या पॅनचा फॉर्म भर, ऑस्ट्रेलिया मागाहून. तो भरतोय. जन्मदाखल्याची झेरॉक्स हवी म्हणून आता खाली दुकानात गेलाय, आणि जाताना माझ्याकडून सुटे पैसे घेऊन गेलाय.