विमान कुठाय, मामा?

बाहेरगावी कुणी गाव विचारलं की मी ‘पोखर्णी’ म्हणतो आणि समोरचा हमखास विचारतो, “ते बॉम्बवालं?” त्याच्या डोक्यात राजस्थानातलं पोखरण असतं. आमचं पोखर्णी परभणी जिल्ह्यातलं. परभणी-परळी रेल्वेमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचं छोटं स्टेशन आहे, गावात नृसिंहाचं देऊळ आहे, बॉम्ब नाही. पण कॉलेजात असताना मी कधीकधी “हो, तेच” म्हणून टाकायचो. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे. तेवढंच बरं वाटायचं.

ही सवय शाळेतली. सकाळी परिपाठ असायचा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि शेवटी ‘सामान्य ज्ञान’. सातवीत माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून सांगितलं, की विमानाचा शोध राइट बंधूंनी लावलेला नाही. त्यांच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं. ते १५०० फूट वर गेलं. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांनी माझं ऐकलं होतं.

पुढं परभणीत रूम करून चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, डोक्यात काय काय भरावं लागतं. सर्वांत उंच, सर्वांत लांब, पहिला, पहिली, पहिलं. पोस्ट काही निघाली नाही. मात्र चार वर्षांचा माल डोक्यात पडून होता, म्हणून रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकायला लागलो, ‘माहीत आहे का?’ खाली एक फोटो, चार ओळी. कधी एखादा घाट, कधी किल्ला, कधी शोध. मावश्या बदाम पाठवायच्या. घरात परीक्षेबद्दल कुणी विचारत नव्हतं त्या दिवसांत ते बदामसुद्धा पुष्कळ होते.

सहावीतली भाची ते स्टेटस वहीत उतरवून घ्यायची, परिपाठासाठी. हे मला माहीत नव्हतं. एके दिवशी फोन आला.

“मामा, तळपदेंचं विमान आता कुठाय?”

“म्हणजे?”

“मी परिपाठात सांगितलं. बाई म्हणल्या, छान, मग ते विमान कुठं ठेवलंय, ते पण विचारून ये.”

मी म्हटलं, बघून सांगतो. मग रात्रभर बघितलं.

तळपदे नावाचे गृहस्थ खरेच होते. संस्कृतचे जाणकार होते, विमानाच्या नादातही होते. पण ते उड्डाण? ना फोटो, ना यंत्राचा तुकडा. त्या वेळी ‘केसरी’त बातमी आली होती असं सगळे लिहितात, पण तो अंक समोर ठेवणारा मला कुणी सापडला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार या गोष्टीला देतात, तो १९७४ सालीच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत.

मग राइट बंधूंचं वाचलं. १७ डिसेंबर १९०३. पहिलं उड्डाण १२ सेकंद, अंतर १२० फूट. आपल्या क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांपेक्षाही कमी. बघायला पाच माणसं होती. त्यातला एक जवळच्या जीवरक्षक केंद्रातला कर्मचारी, त्याच्याकडे कॅमेऱ्याचं काम सोपवलं होतं आणि त्यानं बरोबर त्या क्षणी फोटो काढला. तो फोटो आजही आहे. म्हणजे एका बाजूला १५०० फूट आणि पुरावा काही नाही, दुसऱ्या बाजूला १२० फूट आणि फोटो. सातवीत मला कुणी हे असं मांडून दाखवलं असतं, तर मी कुठलं निवडलं असतं? खरं सांगतो, १५०० फूटच. टाळ्या त्यालाच होत्या.

दुसऱ्या दिवशी भाचीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. “मग आता मी वर्गात काय सांगू?” मी म्हटलं, मामा चुकला म्हणून सांग. तिनं ते तसंच सांगितलं. वर त्या दिवसापासून नियमच काढला. मी काही सांगितलं की ती म्हणते, “दाखव.”

दिवाळीच्या सुट्टीत म्हणूनच लोणारला गेलो. मी, ताई आणि ती, एसट्या बदलत. काठावर उभं राहिलं की खाली एवढं मोठं गोल विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उतारावर झाडी आणि मध्ये खारं पाणी. ती पोरगी पहिल्यांदा काही बोललीच नाही. मग म्हणाली, “कधी पडली उल्का?” माझं पाठ होतं, “५२ हजार वर्षांपूर्वी.” तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी फोन काढला.

५२ हजार हा आकडा उल्केच्या धडकेनं वितळून बनलेल्या काचेवरून काढलेला. ती काच तापवली की तिच्यातून किती प्रकाश बाहेर पडतो, यावरून वय मोजायची एक पद्धत आहे. नंतर दुसऱ्या पद्धतीनं, त्या काचेतल्या आरगॉन वायूच्या प्रमाणावरून, वय मोजलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दहापटीहून जास्त. आणि ही काही एकच दुरुस्ती नाही. बराच काळ हे विवर ज्वालामुखीचं मानलं जात होतं. १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात प्रचंड धडकेशिवाय बनत नाही अशी काच दाखवली, तेव्हा उल्केचं नक्की झालं. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं विवर असल्यामुळं चंद्रावरची विवरं समजून घ्यायलासुद्धा लोणार उपयोगी पडतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा माझ्या फोनवर शापापासून उपग्रहापर्यंत सगळं आलं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं, तर खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव निघाले.

“मग पेपरात काय लिहायचं?” भाचीनं विचारलं.

हा प्रश्न मला चार वर्षं कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. उत्तरतालिकेत जे असेल ते बरोबर, एवढंच आम्हाला ठाऊक. मी म्हटलं, पेपरात पुस्तकातलं लिही, वहीत दोन्ही आकडे लिही आणि ते कसे काढले तेही लिही.

येताना पोखर्णीला उतरलो. माय परसातली भेंडी तोडत होती. भाची गंमत म्हणून म्हणाली, “मामा, भेंडीची माहिती सांग.” आणि मला खरंच एक आठवली. चार वर्षांत एकदाच वाचलेली, कधी स्टेटसला न टाकलेली. कोण बघणार भेंडी?

भेंडीला केवडा रोग येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, झाड खुरटतं, भेंडीही पिवळट येते. विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. ‘पुसा सावनी’ ही त्या वेळची नावाजलेली जात केवड्यापुढं टिकेनाशी झाली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या दोन शास्त्रज्ञांनी तिचा भेंडीच्या एका जंगली नातेवाइकाशी संकर केला. अशा संकरातून आलेल्या झाडांना धड बी धरत नाही. मग पुन्हा पुन्हा खाण्याच्या भेंडीशी संकर, पुन्हा निवड. १९८० च्या दशकात त्यातून जात निघाली, तिचं नाव ‘परभणी क्रांती’. देशभर पेरली गेली. आमच्या गावापासून काही मैलांवर लागलेला हा शोध, आणि मी पाठ केलं होतं जगातल्या सर्वांत उंच धबधब्याचं नाव.

माय हात न थांबवता म्हणाली, “क्रांतीच लावायचो आपण. पण आता पयल्यावानी ऱ्हायली नाय. तिच्यावर बी पिवळं येतंय.”

तेही खरं आहे. विषाणू बदलत राहतो, जातीची ताकद कमी होत जाते, नव्या जाती काढाव्या लागतात. मला हे वाचून कळलं होतं, मायला झाडाकडं बघून.

एक सांगतो. हे विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ ला. बरोबर दोन वर्षांनी, १८ मे १९७४ ला, पोखरणला पहिली अणुचाचणी झाली. दिनविशेषात १८ मेला मी कायम अणुचाचणीच पाठ केली. विद्यापीठावरून मात्र चार वर्षं रोज जात होतो.

सुट्टी संपल्यावर भाचीनं परिपाठात भेंडी सांगितली. मी फोनवर विचारलं, टाळ्या पडल्या का?

“थोड्या. पण नंतर एका पोरानं सांगितलं, त्यांच्या शेतात पण पिवळी झालीय. बाई म्हणल्या, उद्या पान घेऊन या.”

“मग?”

“मग काय, आणलं ना त्यानं. सगळ्यांनी बघितलं.”

स्टेटस मी अजून टाकतो, रोज नाही. आठवड्यातून एखादं, तेही भाचीला आधी पाठवून. काही काही ती परत पाठवते, खाली एकच शब्द लिहून, ‘दाखव’. आणि गाव विचारलं की आता मी सांगतो, पोखर्णी, परभणीजवळचं. ते बॉम्बवालं नाही. भेंडी खाता ना तुम्ही?