मोजदादीबाहेरची वर्षे

सरकारी मराठीत ‘प्रलंबित’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या पोटात लोंबकळण्याचा अर्थ दडलेला आहे, याची आठवण सहसा कोणाला होत नाही. घरगुती मराठीने मात्र तीच प्रतिमा ‘टांगणीला लागणे’ या वाक्प्रचारात उघडी ठेवली आहे. कचेरीतला संस्कृत शब्द आणि माजघरातला देशी शब्द एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खरे ठरावेत, असे फार थोड्या ठिकाणी घडते. नागरिकत्वाचा अर्ज हे त्यांपैकी एक ठिकाण होय: कागद तिकडे प्रलंबित असतो आणि जीव इकडे टांगणीला लागलेला असतो.

या टांगणीचा अभ्यास करायचा तर उल्हासनगरइतके योग्य गाव महाराष्ट्रात दुसरे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ इंग्रजांनी सैनिकांसाठी उभारलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले. बराकी गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या, तरी पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच आजही म्हटले जाते. छावणी म्हणजे मुळात तात्पुरता मुक्काम, हे त्या बोलण्यात पाऊणशे वर्षे टिकून राहिले आहे.

त्या पहिल्या पिढीला नागरिकत्वासाठी मात्र फारसे तिष्ठावे लागले नाही. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही रेघ आखली. त्या दिवसापूर्वी येऊन येथे राहू लागलेला, आणि स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले आहे असा माणूस कोणताही अर्ज न करता नागरिक ठरला, आणि त्यानंतर आलेल्याला सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज देऊन नाव नोंदवता आले. सहा महिने हा आकडा आज त्याच गल्लीत राहणाऱ्या, पण पन्नास-साठ वर्षे उशिरा आलेल्या कुटुंबाला वाचून दाखवला तर त्याला तो छापण्यातली चूक वाटेल. कोणी अटारीच्या सीमेवरून, कोणी २००६ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये बंद पडलेल्या थार एक्स्प्रेसने मुनाबावमार्गे आलेले, असे हे उशिराचे प्रवासी. त्यांच्या वाट्याला १९५५ चा नागरिकत्व अधिनियम आणि त्याखालचे नियम आले.

हा अधिनियम वर्षे कशी मोजतो, हे पाहण्याजोगे आहे. अविभाजित भारताशी वंशाने जोडलेल्या व्यक्तीला कलम पाचखाली ‘नोंदणी’ने नागरिकत्व मिळते, आणि त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते: अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने अखंड, आणि त्यामागच्या आठ वर्षांतली किमान सहा. कलम सहाचा मार्ग, ज्याला अभ्यासक ‘स्वीकृत नागरिकत्व’ म्हणतात, तो मूळ संबंध नसलेल्या परकीयासाठीही खुला असून त्यात तेच बारा महिने आणि मागच्या चौदा वर्षांतली अकरा अशी बेरीज करावी लागते. याचा अर्थ असा की अर्जापूर्वीची वर्षे हे निव्वळ थांबणे नसते. ती साठत जातात, पात्रता होतात आणि प्रत्येक पावसाळ्यागणिक माणूस कायद्याची एक पायरी वर चढतो. अर्ज दाखल झाला की मात्र काळाचा हा गुण संपतो. त्यानंतरची दोन, पाच किंवा आठ वर्षे कशातच मिळवली जात नाहीत, त्यांची बाकी कोणत्याही रकान्यात लिहिली जात नाही, आणि पहिल्या प्रतीक्षेत हिशेबी असलेला माणूस दुसऱ्या प्रतीक्षेत एकाएकी बेहिशेबी होतो. लांबलेल्या निर्णयाचा खरा त्रास त्याच्या लांबीपेक्षा या बदललेल्या मोजमापात असावा.

बारा अखंड महिन्यांची अट वाचायला सोपी असली तरी जगायला कठीण असते. सक्खरला किंवा मीरपूरखासला राहिलेल्या थोरल्या भावाचे निधन झाले, तर बाराव्याला जायचे की नाही याचा निर्णय शोकाने नव्हे तर कॅलेंडरने होतो. २०१५ च्या दुरुस्तीने या बारा महिन्यांत, विशेष परिस्थितीत, एकूण तीस दिवसांपर्यंतचा खंड माफ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. म्हणजे दुःखाला महिनाभराची सवलत मिळाली, पण ती मिळेल की नाही हे आधी सांगता येत नाही, आणि परतीचा व्हिसा हा आणखी वेगळा प्रश्न राहतो. त्यामुळे अशा घरांत सीमेपलीकडचे मृत्यू पुष्कळदा फोनवरच ऐकले जातात आणि सुतकही फोनवरच फिटते.

प्रतीक्षा ही मनोवस्था मानली जाते. या घरांत ती एक वस्तूही आहे. बहुतेक ठिकाणी ती बटणाच्या प्लॅस्टिक फाइलीत, आणि ती फाइल कापडाच्या पिशवीत, कपाटावरच्या बॅगांच्या मागे ठेवलेली आढळते. तिच्यात वरच्या बाजूला हिरव्या पुठ्ठ्याचा पाकिस्तानी पासपोर्ट असतो, जो पाच किंवा दहा वर्षांनी संपतो आणि म्हणून अर्जाच्याही आधी म्हातारा होतो. त्याखाली ‘दीर्घकालीन व्हिसा’, म्हणजे नागरिकत्वाची वाट पाहणाऱ्याला येथे कायदेशीरपणे राहता यावे म्हणून दिलेली आणि मुदतवाढ मागावी लागणारी परवानगी. मग स्टॅम्पपेपरवरची प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, विजेची बिले, शाळेची बोनाफाइड प्रमाणपत्रे, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, ज्यांची शाई घडीच्या जागी उडालेली असते. तळाशी एका लहान पाकिटात पासपोर्ट आकाराचे फोटो उरलेले असतात. दर वेळी ताजे फोटो मागितले जातात आणि जुने टाकवत नाहीत, त्यामुळे त्या पाकिटात एकाच माणसाची मिशी काळी, करडी आणि पांढरी अशी ओळीने सापडते.

या पिशवीकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते, जिची चर्चा फारशी होत नाही. वास्तव्याचा पुरावा म्हणजे कोणाच्या तरी नावावरचा कागद. आणि भाडेकरार, वीज, दुकानाचा परवाना हे सारे सहसा पुरुषाच्या नावावर असते. जी बाई वीस वर्षे त्याच स्वयंपाकघरात पापड लाटून घराला हातभार लावते, तिच्या तेथे असण्याची साक्ष शेजारणीखेरीज कोणी देऊ शकत नाही, आणि शेजारण हा कागद नव्हे. एकाच घरातल्या दोन अर्जांपैकी तिच्याच अर्जात ‘त्रुटी’ निघण्याचा संभव अधिक असतो. त्रुटी म्हणजे कार्यालयाने दाखवलेली उणीव आणि ‘पूर्तता’ म्हणजे ती भरून काढणे. या दोन शब्दांमध्ये अर्जदाराचे कितीतरी हेलपाटे मावलेले असतात.

कचेरीचा स्वतःचा काळ असतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत चढतो, त्याला आवक क्रमांक मिळतो, आणि पोहोच म्हणून मिळालेल्या प्रतीवरचा तो निळा शिक्का पुढची अनेक वर्षे घरातला सर्वांत पाठ असलेला आकडा ठरतो. २००९ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्याला साठ दिवस आणि राज्य शासनाला तीस दिवस घालून दिले असले, तरी पोलिसांची व गुप्तवार्ता यंत्रणांची चौकशी दिवसांच्या हिशेबाने चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या ठरावीक अल्पसंख्याकांपुरते निर्णयाचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत महाराष्ट्रातले नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते, आणि खिडकीवरच्या संवादाचा निदान अर्धा भाग त्यामुळे बदलला. त्याआधी तो बहुधा एवढाच असे: “साहेब, फाइल वर गेली का?” “गेली. आता दिल्लीहून यायची.” ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, हे विचारण्याचा प्रघात नव्हता.

पुढे २०१९ ची दुरुस्ती आली. तिने त्या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी अकरा वर्षांची अट पाचांवर आणली. मुस्लिमांना वगळून धर्माच्या आधारे दार उघडणे संविधानात बसते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आला, आणि तो वाद पोकळ नव्हे. प्रतीक्षेच्या दृष्टीने पाहता मात्र विशेष हे की हा कायदाच स्वतःच्या नियमांसाठी चार वर्षांहून अधिक काळ थांबून राहिला. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले आणि त्यांखालची पहिली चौदा प्रमाणपत्रे १५ मे २०२४ रोजी दिल्लीत दिली गेली. या नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या समितीचे प्रमुखपद टपाल खात्याच्या अधीक्षकाकडे आहे. आयुष्यभर पत्राची वाट पाहिलेल्या माणसाची कागदपत्रे अखेर पोस्टाच्याच माणसाने तपासावीत, या योगायोगाला कारकुनी विनोद म्हणता येईल.

स्वीकृत नागरिकत्वाला आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी येणे आवश्यक असते, आणि सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे. प्रांत पलीकडे राहिला आणि भाषा अलीकडच्या संविधानात आली. अर्जातल्या सर्व रकान्यांपैकी हा एकच रकाना असा आहे की तो भरताना अर्जदाराचा हात थबकत नाही.

इतकी वर्षे ही माणसे काढतात कशी? धीर धरा हा सल्ला येथे फोल ठरतो, कारण धीराला पलीकडचा काठ दिसावा लागतो. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. काही घरे सगळेच निकालापर्यंत ढकलतात, लग्न, रंगकाम, फ्रिजसुद्धा. आणि ती घरे आतून हळूहळू आजारी पडतात. इतर घरे निर्णयाला एखाद्या दूरच्या, तिरसट नातेवाइकासारखे वागवतात: वर्षातून ठरावीक वेळा विचारपूस करायची आणि बाकी दिवस त्याचे नाव काढायचे नाही. चेटीचंड हे सिंधी नववर्ष गुढीपाडव्याला लागूनच येते, कचेरीचे वर्ष ३१ मार्चला संपते, आणि या दोन वर्षारंभांच्या आसपास अनेक घरांत एकदाच फेरी मारून चौकशी करण्याची रीत पडते. तरीही अधूनमधून जमीन हादरते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा हिंदूंना दिलेले दीर्घकालीन व्हिसे कायम राहतील असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाने केला. पण आदेश ऐकल्यापासून खुलासा ऐकेपर्यंतचा वेळ ज्यांनी काढला, त्यांना तो कोणत्याही घड्याळाने सांगता येणार नाही.

निकाल लागतो तेव्हा शपथ घेतली जाते, प्रमाणपत्राच्या झेरॉक्स निघतात, पेढे वाटले जातात आणि पिशवी कपाटावर परत जाते. ती तेथे फार दिवस राहत नाही. १ जुलै १९८७ पासून येथे जन्मलेले मूल केवळ येथे जन्मले म्हणून नागरिक ठरत नाही. जन्माच्या वेळी आईवडील दोघेही परदेशी नागरिक असतील, तर ठाणे जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहाचा दाखला आणि मराठी शाळेची प्रगतिपुस्तके जवळ असूनही त्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तेव्हा पिशवी पुन्हा खाली येते, नवी बटणाची फाइल विकत घेतली जाते, आणि मुलाला पांढऱ्या पडद्यापुढे बसवून, केस विंचरून, हसू नको असे बजावून, कॅम्पातल्याच स्टुडिओत फोटो काढला जातो. आठ प्रती घेतल्या जातात; दोन अर्जाला लागतात आणि सहा लहान पाकिटात जातात.