"काही नाही"

आमच्या हिला गेली दोन-तीन वर्षं कमी ऐकू येतं. हे ती मान्य करत नाही. "हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात," असं तिचं म्हणणं. पण निळू फुल्यांचं बोलणंही तिला कळेनासं झालं, तेव्हा मी समजलो.

रात्री जेवणं झाली की आम्ही लॅपटॉपवर एखादा सिनेमा लावतो. नातवाने पेनड्राइव्ह भरून दिला आहे. दर पाच मिनिटांनी ही विचारी, "काय म्हणाला तो?" आधी मी सांगायचो. मग थोडक्यात सांगू लागलो. मग म्हणू लागलो, "काही नाही गं." एके दिवशी लक्षात आलं की तिने विचारणंच सोडलं आहे. मी हसलो की माझ्याकडे बघून ती हसते, एक क्षण उशिरा.

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या मुलाने "सर, परत सांगा" म्हटलं की न चिडता परत सांगायचो. आणि घरात एक वाक्य दोनदा सांगवेना! त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आजोबा, व्हीएलसीत सबटायटल असतातच. व्ही दाबत राहा, एकेक भाषा येईल." दाबलं. फ्रेंच आलं, मग स्पॅनिश, मग इंग्रजी. पण दुसरा सिनेमा लावला की पुन्हा फ्रेंच! कारण असं, की एकाच फाइलीत अनेक भाषांचे ट्रॅक असतात आणि कुठला आधी दाखवायचा याची खूण फाइल बनवणाऱ्याने करून ठेवलेली असते. आपली आवड प्लेअरला एकदाच सांगून ठेवावी लागते. 'टूल्स'मध्ये 'प्रेफरन्सेस', तिथे 'सबटायटल्स', आणि त्यात आवडीच्या भाषेचा एक रिकामा चौकोन. त्यात भाषेचं नाव नव्हे, तिची खूण लिहायची. मराठीची एम आणि आर, इंग्रजीची ई आणि एन. मी आधी मराठी, मग स्वल्पविराम, मग इंग्रजी असं लिहिलं. म्हणजे मराठी असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी. मग 'सेव्ह', आणि प्लेअर बंद करून पुन्हा चालू.

संध्याकाळी 'श्वास' लावला. 2004 सालचा संदीप सावंतांचा सिनेमा. नातवाला उपचारासाठी शहरात आणलेल्या आजोबांना तिथे त्याची दृष्टी जाणार हे कळतं, ती गोष्ट. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. हिने दोन मिनिटं वाचली आणि म्हणाली, "अहो, आपल्याच भाषेतलं बोलणं मी इंग्रजीतून वाचू?"

मला उत्तर सुचलं नाही.

मग मीच बसलो. सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ओळीचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, खाली वाक्य. नोटपॅडमध्ये टाइप करायचं, साठवताना 'यूटीएफ-8' निवडायचं, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाइलीला सिनेमाचंच नाव देऊन ती शेजारी ठेवली, की प्लेअर आपण होऊन उचलतो. एकेक वाक्य तीनतीनदा ऐकून लिहीत होतो. पहिल्या पंधरा मिनिटांना चार दिवस लागले. आणि खरं सांगतो, दोन ठिकाणी मलाही नीट ऐकू आलं नाही.

काल रात्री तेवढीच पंधरा मिनिटं पाहिली. हिने काही विचारलं नाही. या वेळी हसली ती माझ्या आधी. शेवटी चष्मा काढत म्हणाली, "'दवाखान्यात' मधला शेवटचा 'त' खाल्लात तुम्ही. मास्तर ना तुम्ही?"

आज सकाळी तो 'त' घातला. पुढची पंधरा मिनिटं लिहायला घेतली आहेत.